दाणीसाहेबांच्या गाडीची गळती

लक्ष्मीकांत दाणी लखनऊला रेल्वेत मेकॅनिकल इंजिनीअर होते आणि ही गोष्ट ते कुणालाही विसरू देत नसत. तीस वर्षं डिझेल इंजिनांत काढलेल्या माणसाला त्याच्याच गाडीचं दुखणं दुसऱ्या कुणी सांगावं, हे त्यांना खपत नसे. त्यामुळे डिसेंबरात गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, दर आठवड्याला कमी व्हायला लागलं, तेव्हा त्यांना काळजी कमी आणि उत्साहच जास्त आला.

जानकीपुरमच्या घरासमोर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून त्यांनी तीन दिवस पाहणी केली. कागद कोरडा.

"बाहेर गळत नाही, म्हणजे इंजिन आतून पितंय," त्यांनी बायकोला जाहीर केलं. "हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग, गेलं. शंभर टक्के."

विभा चारबागच्या बँकेत होती, रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून जायची. "अहो, पण माझ्या पायाखाली ओलं असतं. हीटर लावला की गोडसर वास येतो, काच आतून चिकट होते."

"तुझ्या डब्यातली आमटी सांडली असेल."

"आमटी हिरवी असते?"

"मग पालकाची भाजी असेल. इंजिनातलं मला कळतं की तुला?"

"पापा, मम्मी की बात सुन तो लो," लेक शर्वरी आतून ओरडली. पापांनी ऐकलं नाही.

सरोजिनी नगरच्या गॅरेजवाल्या रईसमियाँनी आधी विचारलं, "साहब, पहले प्रेशर टेस्ट कर लें? आधा घंटा लगेगा." दाणींनी त्यांच्याच बिलबुकावर सिलिंडरची आकृती काढून त्यांना वीस मिनिटं शिकवलं. "आप बस हेड खोलिए."

"जी, जैसा आप फ़रमाएँ," रईसमियाँ लवून म्हणाले. लखनऊच्या अदबीची ही खुबी आहे, की ज्याला मूर्ख ठरवलं जातंय त्याला आपला सत्कारच चाललाय असं वाटतं.

चार दिवस इंजिन उघडं पडलं होतं आणि विभा ऑटोतून धक्के खात होती. गास्केट धडधाकट निघालं. "तरी बदलून टाकलं, बरं झालं," दाणी म्हणाले. आठवड्यात कूलंट पुन्हा खाली गेलं आणि विभाचे मोजे पुन्हा भिजले.

मग दाणी इन्स्पेक्शनला गोरखपूरला गेले, तशी विभाने रजा टाकली आणि स्वतः गाडी चालवत गॅरेज गाठलं.

"वो टेस्ट कर दीजिए," ती म्हणाली.

रईसमियाँनी थंड इंजिनावर, कूलंटच्या टाकीच्या तोंडाला हातपंप बसवून हवा भरली. काटा चढला आणि हळूहळू उतरायला लागला. म्हणजे गळती होती. पाइप, पंप, रेडिएटर, सगळं त्यांनी चाचपलं, सगळं कोरडं. शेवटी त्यांनी विभाच्या बाजूच्या गालिच्याखाली हात घातला. बोटं हिरवी झाली.

"भाभीजी, डैशबोर्ड के पीछे हीटर का छोटा रेडिएटर होता है. वही रिस रहा है. आपने पहले नहीं बताया?"

"बताया था. घर में."

रईसमियाँनी मान खाली घातली आणि अदबीने हसू गिळलं. डॅशबोर्ड काढून नवा हीटर रेडिएटर बसवायला दोन दिवस लागले. पुन्हा हवा भरली, तर काटा पंधरा मिनिटं हलला नाही.

दाणी परतले. दोन आठवडे कूलंट तसूभर उतरलं नाही. "पाहिलंस? नवं गास्केट रुळायला वेळ लागतो," ते म्हणाले. रईसमियाँचं बिल विभाने पर्समध्येच ठेवलं. संक्रांतीला मराठी मंडळींच्या जेवणात मात्र दाणींनी हेच व्याख्यान सुरू केलं. विभाच्या बँकेतल्या प्रसादने भाबडेपणाने विचारलं, "साहेब, माझ्याही गाडीचं कूलंट कमी होतंय. बघाल?"

"हेड गा–"

"प्रसाद, आधी प्रेशर टेस्ट करा," विभा पानात वाढता वाढता म्हणाली. "आमच्या गाडीचा हीटर गळत होता. हे गोरखपूरला होते तेव्हा मी दुरुस्त करून आणला. गास्केटला काहीच झालं नव्हतं."

मंडळी खो खो हसली. दुसऱ्या दिवशी दाणींनी रईसमियाँकडून तो जुना हीटर रेडिएटर मागवला, टेबलावर ठेवला आणि तो नेमका कसा फुटतो, हे विभाला तिचा चहा पार थंड होईपर्यंत समजावून सांगितलं.