समोरून धरलेली पात

त्या वर्षांत घाटंजीच्या रस्त्यावर कोणी पळताना दिसलं की लोकांच्या काळजात धस्स व्हायचं. कपाशीचे दिवसच तसे होते. एखाद्या घरी वाईट घडलं की निरोप घेऊन कोणीतरी असंच जीव तोडून पळत सुटायचं. म्हणून उर्वशी पहिल्यांदा या रस्त्यावर धावली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं बैलांचा कासरा ओढून तिला विचारलं होतं, "कोण गेलं वं बाई?"

"कोणीच नाही गेलं, बाबा. मी अशीच पळून राह्यली."

"अशीच?" म्हाताऱ्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग घरी जाय ना! लोकायले कायले भेव दाखवतं?"

आता दीड वर्षात लोकांना सवय झाली होती. आजचं धावणं मात्र सवयीचं नव्हतं. गावच्या फाट्यावरून निघायचं, साडेदहा किलोमीटरवरच्या दगडाला वळसा घालायचा आणि परत फाट्यावर यायचं. एकवीस किलोमीटर, दोन तासांच्या आत. जमलं तर नागपूरच्या तीन महिन्यांच्या शिबिरात जागा, नाही जमलं तर नाही. कॉलेजचे क्रीडाशिक्षक सदाशिवराव हा लग्नाच्या पंगतीतही गळ्यात शिट्टी घालून बसणारा माणूस. त्यांनी आधीच बजावलं होतं, "दोन तासांवर एक मिनिट झालं तरी मी तुझं नाव पाठवणार नाही. मग रडायचं नाही."

जाताना ती छान गेली. सकाळची हवा थंड होती आणि पाय आपसूक पडत होते. दगडापाशी सदाशिवराव लूना लावून उभे होते. "वेळ बरोबर आहे, आता असंच ठेव," म्हणाले आणि वाट पाहायला फाट्यावर निघून गेले. तोवर ऊन चढलं होतं. चौदा किलोमीटरच्या पुढे बरगडीखाली कळ उठली. सोळाच्या पुढे मांड्यांत गोळे येऊ लागले. आणि सतराव्याला मनानं वकिली सुरू केली. शरीर सांभाळावं माणसानं. शिबिर काय, पुढच्या वर्षीही असतं. सर तरी कुठे बघताहेत, चार पावलं चाललं तर काय बिघडलं?

ती चालू लागली. चालताना तिला इतकी लाज वाटली की तिनं मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा समोरून हिरवं पातळ येताना दिसलं. ती झपाझप चाल अख्ख्या गावात एकाच बाईची होती. नलू, तिची आई, निंदणाच्या बायांची मुकादम.

निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला, बाया शेताच्या एका टोकाला रांगेत बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला कपाशीची एक ओळ येते. तिलाच पात म्हणायचं. सगळ्यांचे हात काही सारखे चालत नाहीत, एखादी मागं पडतेच. तेव्हा जिची पात आधी सरते, ती धुऱ्याच्या बांधावर पाय पसरून बसत नाही. ती वळते आणि मागं पडलेलीची पात समोरच्या टोकापासून निंदत येते. दोघी मधे भेटल्या की पात संपली. कोणाचं किती झालं हे कोणी विचारत नाही. उर्वशी अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा निंदायला गेली, तेव्हा पाठ मोडून गेली होती. कपाशीच्या पानांमधून समोर मायचे हात दिसले, तेव्हा ती आनंदानं रडली होती.

"सरली वं माय, सरली तुही पात!" नलूनं लांबूनच हात पसरले. "इकडून तीन किलोमीटर म्या घेतली. आता बस तू."

आणि उर्वशी बसली. खरंच बसली, पुलाच्या कठड्यावर. मायनं बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं, पोटऱ्या दाबल्या, आणि जगात याहून मोठं सुख नसेल असं तिला वाटलं. मग तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एक तास एक्केचाळीस.

"आई, तू चाललेलं माह्यात नाही धरत."

"काहून नाही धरत? रस्ता तं एकच हाये ना?"

"सारा मलेच पळा लागते."

"असे कसे लोकं बाप्पा!" नलू तिच्याजवळ टेकली. "मंग राहू दे. जीवापेक्षा जास्त हाये काय? चाल घरी. भाकर टाकतो, पोटभर खाय आन झोप."

उर्वशीला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. आजवर तिची प्रत्येक पात मायनं समोरून घेतली होती. बाप काविळीनं गेला तेव्हाही आणि कॉलेजात नाव घालायचं होतं तेव्हाही. ही एक तरी शेवटपर्यंत आपल्या हातानं न्यावी असं तिला फार वाटलं. ती उठली. मायनं धरलेला हात सुटायला जरा वेळ लागला, पण त्याचा विचार करायला सवड नव्हती.

पुढचे तीन किलोमीटर तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत एवढंच ती बघत होती. डोळ्यांत घाम गेला, ओठ खारट झाले, एका नखातून रक्त आलं. फाटा दिसला तेव्हा तो जवळ येत नाहीये असंच तिला वाटत राहिलं. सदाशिवराव लूनावरून उतरून रस्त्याच्या मधोमध आले होते आणि शिस्त विसरून ओरडत होते, "ये! ये, उर्वशी, ये!"

एक तास एकोणसाठ मिनिटं, चोवीस सेकंद. सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नलू आली ती अर्ध्या तासानं, घामाघूम. सरांनी शिबिराचा फॉर्म पुढे केला. "जमलं पोरीला. यावर पालकांची सही हवी."

नलूनं फॉर्म घेतला नाही. ती खालीच बसली.

"सर, म्या हिले मधीच बसवलं व्हतं."

"असू द्या हो. तुम्हाला नियम माहीत नव्हता."

"माहीत व्हता." ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "वीस वर्सं झाले पाती घेऊन राह्यली. वावरातलं आन रस्त्यावरचं मले समजत नाही काय? वाटलं, बसली तं बसली. पोट्टी घरी तं राहीन."

उर्वशीला संतापायचं होतं, पण संताप येईना. पुलावर लवकर न सुटलेला तो हात तिला आत्ता कळला.

"हिची बहीण शीला लगन होऊन मारेगावले गेली, हिचा बाप गेला," नलू म्हणाली. "ही गेली तं जेवली काय म्हून इचारणारं घरात कोणी नाही."

"आई, तीनच महिने तं हायेत."

"सांगाले तीन हायेत वं. अशी पळणारी पोट्टी वापस येते काय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, मग उजवा हात पुसला आणि सरांपुढे धरला.

"कुठी करा लागते सही? लवकर दाखवा, सर. माहं मन फिराच्या आंधी."