जाळीची काच

"बघा हे चित्र! छपरावरची कौलं मोजून घ्या," साहेब नवीन मशीनच्या स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाले.

"कौलं मोजता येतील साहेब, पण घर जागेवर नाही," भिंगकाका म्हणाले.

गळ्यात सदैव भिंग, म्हणून ऑफिसात हे नाव. विमानातून काढलेल्या फोटोंची फिल्म नकाशासाठी स्कॅन करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. जुन्या मशीनमध्ये फिल्म काचेवर सपाट पडून राही. नवीन मशीनमध्ये ती गोल फिरणाऱ्या पिंपाला गुंडाळायची. रंग झकास येत, पण फिल्म ताणली जाई आणि तिच्यावरच्या घरा-बांधांच्या खुणा केसभर सरकत. फिल्मवर केसभर म्हणजे जमिनीवर दीड हात.

दोन्ही मशीनच्या तुलनेचा अहवाल काकांनी द्यायचा होता. तीन आठवडे मान मोडून त्यांनी चाळीस खुणा तपासल्या. तक्ता मात्र साहेबांनी आधीच छापून ठेवलेला: वेग, रंग, धूळ, दुरुस्ती. अचूकतेचा रकानाच नाही. नकाशाच्या ऑफिसात! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दीड हाताने कुणाचं काय बिघडतंय?" साहेब म्हणाले.

"कुंपणाचं बिघडतंय. दोन शेजारी जन्मभर भांडत बसतील."

"काका, मशीन येऊन बसलंय. तुम्ही फक्त सही करा."

दुपारी बायकोचा फोन आला. "करून टाका ना सही. आठ महिने राहिलेत निवृत्तीला, कशाला डोक्याला ताप?"

"मग सव्वीस वर्षं मी काय माशा मारल्या?" ते खेकसले. फोन ठेवल्यावर त्यांना वाईट वाटलं. तिचा बिचारीचा काय दोष?

मग त्यांनी पट्टी घेतली, तक्त्यात पाचवा रकाना आखला, चाळीसही आकडे भरले आणि खाली सही ठोकली. साहेबांनी कागद पाहिला आणि खणात सरकवला. संध्याकाळी वर गेलेल्या तक्त्यात चारच रकाने होते आणि खाली दुसऱ्याच कुणाची सही होती. जुनं मशीन त्याच आठवड्यात हमालांनी उचललं.

रोज सकाळी बारीक रेघांच्या जाळीची एक काच जुन्या मशीनवर ठेवून काका ते तपासत. जाळी बरोबर उमटली, की मगच फिल्म. ते मशीन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी सवयीने कपाटातून काच काढली, मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसली आणि नवीन मशीनपाशी आले. पिंप गोल, काच सपाट. ती ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"करायचं ना सुरू?" साहेबांनी विचारलं.

"थांबा, आधी तपासून..." काका म्हणाले. तोवर पिंप फिरू लागलं होतं. काका दोन्ही हातांत काच धरून तसेच उभे राहिले.