टोपी पाण्यात

शीड आवळताना वाऱ्याने माझी लोकरी टोपी समुद्रात उडवली. बायकोने जाण्याआधी दवाखान्याच्या खाटेवर विणलेली ती शेवटची वस्तू. टोपीसाठी कोण होडी वळवणार? पण सुकाणूवरून आमचा तांडेल ओरडला, "माणूस पाण्यात!"

माणूस पडला की एकाने नजर न हलवता त्याच्याकडे हात रोखून उभं राहायचं, असा आमचा नियम आहे. या वेळी ते काम माझ्याकडे आलं.

"दादा, हात खाली आला तर तुम्हालाच ढकलतो!" तांडेलाने मला दम दिला.

दोनदा वळूनही टोपी हुकली. तिसऱ्यांदा स्वयंपाक्याने ती आकडीने ओढून घेतली.

"वहिनींना पोहता येत होतं वाटतं," तो म्हणाला.

सगळे हसले. कितीतरी महिन्यांनी मीही हसलो. त्याने ओलीच टोपी माझ्या डोक्यावर बसवली, तेव्हा कुठे माझा हात खाली आला.