झाकलेली खाच

तिने यंत्राच्या पडद्यावरची रेषा बोटाने पुसून पाहिली. धूळ नव्हतीच. रेषाच सपाट होती.

“नमुना बदललास?”

“बदलला. यंत्रही धुतलं,” सहकारी म्हणाली. पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आज ती जागची हलत नव्हती.

ज्या प्रथिनामुळे तिच्या ताईचे स्नायू झिजत चालले होते, ते अख्खं तयार करायला गेलं की नासायचं. म्हणून इतकी वर्षं त्याचा कापून काढलेला तुकडाच घेऊन काम चाललं होतं. औषध म्हणून तिने शोधलेला रेणू त्या तुकड्याच्या खाचेत जाऊन बसे आणि कितीही धुतलं तरी उठत नसे. प्रयोगशाळेत त्याचं नावच घरजावई पडलं होतं. आज पहिल्यांदाच अख्खं प्रथिन हाती लागलं, आणि घरजावई उंबऱ्यापाशीही थांबेना.

“जुना तुकडा लाव बघू,” ती म्हणाली.

भिंगरीने लावला. रेणू चिकटला, रेषा झपकन वर चढली.

दोघी बघत राहिल्या. रेणूत खोट नव्हती, यंत्रातही नव्हती.

“उरलेला भाग वळून खाचेवरच बसत असणार,” भिंगरी हळूच म्हणाली. “आपण तो कापून टाकला, म्हणून खाच उघडी दिसली.”

तिने मान हलवली. हातमोजे काढायचं भान तिला रस्त्यावर आल्यावर आलं.

घरी ताई खाटेच्या कडेला बसून स्वेटरच्या बटणाशी झटत होती.

“चेहरा का असा?”

तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. “आता पुन्हा पहिल्यापासून, ताई. किती वर्षं लागतील, कुणास ठाऊक.”

ताईची बोटं थांबली.

“म्हणजे तुझं औषध येणार नाही?”

“इतक्यात तरी नाही.”

“मग मी उगाचच बंद केलं गं.”

“काय बंद केलं?”

“दवाखान्यातलं औषध. नुसतं मळमळायचं त्याने. तू नाचत आली होतीस ना, चिकटलं चिकटलं म्हणत? म्हटलं, आता थोड्याच दिवसांचा प्रश्न.”

“तेव्हापासून?”

ताईने मान डोलावली.

ती ताईसमोर खाली बसली. तिने ताईचं वरचं बटण लावलं, मग त्याखालचं.

“चप्पल घाल,” ती म्हणाली. “दवाखाना अजून उघडा असेल.”