डावीकडे वळताना

“आता डावीकडे फिरवा,” गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी म्हणाली. दातांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि त्या म्हाताऱ्या गाडीने असा काही भोंगा लावला, की समोरच्या शिंप्याने कात्री टाकून कानांवर हात ठेवले. उजवीकडे फिरवल्यावर मात्र गाडी शहाण्यासारखी गप्प.

डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच ही गाडी हौसेने घेतली होती आणि दवाखान्याच्या वाटेवर नेमकी तीन डावी वळणं होती. पेशंट आता हॉर्न ऐकूनच तोंड उघडून बसतात, असं ते सांगत होते.

दारात स्टुलावर बसलेले मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने हसले. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती, पण कबूल करतील तर शपथ. डोळ्यांना जरा विश्रांती देतोय, पुढच्या महिन्यापासून कामाला बसणार, असं ते दीड वर्ष सांगत होते. रोज ते लेकीकडे हत्यारं मागत आणि रोज ती काहीतरी निमित्त काढून टाळत असे. बाबा, तुम्हाला दिसत नाही, एवढं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

तिने स्टिअरिंगच्या मधलं बटण काढलं. त्याची वायर स्टिअरिंगच्या पोकळ नळीतून थेट खाली जाते, म्हणून खालचं टोक सोडवून तिने ती हळूच वर ओढली. हातभर वायर आली आणि तिच्यावर टेप गुंडाळलेला एक जोड दिसला. डाख देताना राहिलेला सोल्डरचा काटा टेप फाडून बाहेर आला होता. चाक डावीकडे वळलं की वायर पिळायची, काटा नळीला टेकायचा आणि कुणी बटण दाबल्यासारखा हॉर्न सुरू.

दोष सापडला म्हणून ती खूश झाली. मग तिला टेपचं टोक दिसलं, छोटा त्रिकोण करून दुमडलेलं. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून अशी घडी घालणारा मिस्त्री तिने आयुष्यात एकच पाहिला होता. आधीच्या मालकाने गाडी इथेच आणली असणार. तिला फार वाईट वाटलं.

“कुणाचं काम गं?” मिस्त्रींनी विचारलं.

“असेल कुणाचं तरी. आपल्याकडचं नाही.”

“बघू, आण इकडे.”

तिने वायर त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी जोडावरून अंगठा फिरवला. तो काट्यावर थांबला, मग घडीवर.

“गाढव आहे हा माणूस,” ते म्हणाले. “दिसत नव्हतं तर घरी सांगायचं ना. लपवून कसली कामं करतो?”

तिचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. “हात चांगला होता हो बाबा त्याचा.”

“होता. ते मान्य आहे.”

तिने बिनजोडाची नवी वायर नळीतून ओवली आणि बटण बसवलं. डॉक्टरांनी स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं. गाडीने हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी बटण दाबलं आणि शिंपी पुन्हा दचकला. डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले. जाता जाता त्यांनी मिस्त्रींना त्या आधीच्या कारागिराचं नाव विचारलं, चुकूनही त्याच्याकडे जायला नको म्हणून.

“काळजी करू नका,” मिस्त्री म्हणाले. “तो आता काम करत नाही.”

मग ते उठले आणि त्यांनी चाचपडत स्टूल दारातून बाजूला घेतलं. दारात अडलेला उजेड मुलीच्या कामाच्या टेबलापर्यंत आला.