वेंगुर्ल्याची पोरगी

मिहानच्या रस्त्यावर माशांचं एक हॉटेल निघालं आहे. दारात होडी ठेवली आहे, आत फरशीवर वाळू पसरली आहे आणि वरच्या भोंग्यांतून लाटांचा आवाज येत राहतो. नागपुरातून खरा समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. म्हणून लोक रविवारी पोराबाळांना घेऊन इथेच येतात, चपला काढून वाळूत पाय ठेवतात आणि सुरमई खातात.

माझी नात धनश्री तिथे वाढपी म्हणून लागली. महिनाभर पाहू, मग कायम करू, असं मालकानं सांगितलं होतं. मालक पुष्कर, धरमपेठेचा तरुण माणूस. त्याची अट एकच. दारातल्या पाटीवर लिहिलं आहे, 'आमची सगळी माणसं समुद्रकाठची', आणि गिऱ्हाइकाला ते खरं वाटलं पाहिजे. धनश्रीच्या छातीवर बिल्ला होता: धनश्री, वेंगुर्ला. आम्ही उमरेडचे कोष्टी, आता हुडकेश्वरला राहतो. वेंगुर्ला तिनं नकाशातही पाहिलं नव्हतं. मोबाईलवर ऐकून ऐकून ती तिकडची बोली शिकली. भांडी घासताना एकटीच बोलत बसायची. तिच्याआधी एक मुलगी होती. गिऱ्हाइकासमोर तिच्या तोंडून आपलं नागपुरी 'आणून राहिली' निघून गेलं आणि पुष्करनं तिला काढून टाकलं.

माझा मुलगा गुलाबचंद, म्हणजे धनश्रीचा बाप, याला हे पसंत नव्हतं.

"नाव आपलं, गाव दुसऱ्याचं," तो म्हणाला. "उद्या बापही दुसराच लावशील."

"बाबा, हॉटेलचा पुरा कोर्स केला मी. कायम झाली का किचनमधी घेणार आहेत. मले तेच पाहिजे."

"मंग एकदा पाहूनच येतो, काय जागा आहे ते."

"या. पण मले ओळखू नका. तुम्ही कसंही बोला, मी तिथं आपल्यासारखी बोलणार नाही."

तिचा महिना भरायचा होता त्या रविवारी आम्ही गेलो. सून प्रीती आली नाही. "मले हसू येईन," म्हणाली, आणि घरीच राहिली.

धनश्री खलाशाची टोपी घालून आली. "येवा, बसा. तुमका काय व्हया?"

मी कार्डावर बोट ठेवून वाचू लागले. मला वाचायला वेळ लागतो. ती हात मागे बांधून उभी राहिली. घरी असती तर कार्ड ओढून घेतलं असतं. तिनं मला आजी म्हटलं. पण तिथे सगळ्याच म्हाताऱ्यांना आजी म्हणत होते, तेवढं सोयीचं झालं.

"विचार वं माय या पोरीले, मासोळी ताजी आहे का," गुलाबचंद मला म्हणाला.

"ताजी आसा, काका."

काका ऐकल्यावर तो दारातल्या होडीकडे पाहू लागला.

मासोळीची भाजी आली. नारळाचा पिवळा रस्सा, गोडसर. पहिला घास घेतला आणि मी सवयीनं बोलून गेले, "जरा सांबार आण वं बाई, वरून टाकायले."

पुष्कर पाण्याचा जग घेऊन शेजारून जात होता. तो थांबला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपुरात हे पोराटोरालाही ठाऊक असतं, पुष्करलाही होतं. समुद्रकाठच्या माणसाला मात्र ते ठाऊक असायचं कारण नाही. तो धनश्रीकडे पाहत उभा राहिला. मला चूक कळली, पण शब्द परत घेता आला नाही.

धनश्री स्वयंपाकघराकडे अर्धी वळली होती. चालायला लागली तेव्हापासून मी तिला परड्यातून सांबार तोडायला पाठवत आले आहे. तिचा पाय वाळूतच थांबला.

"सांबार इडलीबरोबर खातत, आजी," ती म्हणाली. "आमच्याकडे तो नाय."

"तुले सांबार नाही माहीत?" गुलाबचंदचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "कोणाच्या घरची आहेस वं तू?"

तिचा चेहरा हलला नाही. "वेंगुर्ल्याची, काका. तो हिरवो पालो म्हणतास काय? त्याका आमच्याकडे कोथमीर म्हणतत. आणू?"

"राहू दे."

पुष्कर पुढे आला. "सॉरी हं काका. ही मुलं तिकडची, त्यांना आपली भाषा समजत नाही. पण खरं सांगा, कशी वाटली आमची मुलगी?"

धनश्री पलीकडचं टेबल पुसत होती. ते आधीच पुसलेलं होतं. गुलाबचंद भात कालवत राहिला. ही माझी पोरगी आहे, एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं आणि ती आमच्याबरोबर घरी आली असती. त्याला तेच हवं होतं.

"आमच्याकडली नाही वाटत," तो म्हणाला.

पुष्कर खूश झाला. "वेंगुर्ला!" त्यानं तिला हाक मारली. "उद्यापासून कायम."

"थँक्यू सर," ती म्हणाली.

आम्हा दोघांनाही फार जेवण गेलं नाही. उरलेलं तिनं बांधून दिलं. दारातली घंटा वाजली, सगळे वाढपी एका सुरात "परत येवा" ओरडले. त्यात तिचाही आवाज होता.

घरी प्रीतीनं डबा उघडला. वर बारीक चिरलेला सांबार होता, इतका की खाली मासोळी आहे की नाही ते दिसत नव्हतं.

"हा कोणी टाकला?" गुलाबचंदनं विचारलं.

"वेंगुर्ल्याच्या पोरीनं," मी म्हटलं.

त्यानं एक पान उचलून तोंडात टाकलं.

"झाकून ठेव," तो प्रीतीला म्हणाला. "पोरगी आली का जेवू."