दुपारपाळीची गळती

सरोवराकाठच्या आमच्या कारखान्यात मद्यार्क कमी भरायचा, तोही फक्त दुपारपाळीत. दुपारपाळी ओग्वेनोची. संशयाला आणखी काय लागतं?

मी फाटकावरचा रखवालदार. सुटीच्या वेळी प्रत्येकाचं तोंड हुंगायचं, हे माझं काम. ओग्वेनोच्या तोंडाला फक्त सुक्या मासळीचा वास. म्हणजे पीत नाही, लपवून नेतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कारखान्याच्या व्यवस्थापक आवुओर मॅडमनी तर त्याला बजावलंच, "उद्या संध्याकाळपर्यंत चोर दाखव, नाहीतर घरी बस."

दुसऱ्या दुपारी पठ्ठ्या गुपचूप मनोऱ्यावर चढताना दिसला. मी मागोमाग. मनोरा असा उंच, की चढता चढता माझी दाढी बोटभर वाढली. त्यात आंबवलेली मळी सोडतात, खालून वाफ देतात. पाण्याआधी मद्यार्क उडतो, चाळणीसारख्या एकेका ताटातून वर जात शुद्ध होतो. पाणी खाली राहतं. शेंड्यावर सरोवराच्या पाण्याने गार ठेवलेल्या नळ्यांना लागला की पुन्हा पातळ होऊन टाकीत उतरतो.

वर ओग्वेनो दबा धरून बसलेला. समोर हवा सोडायच्या नळकांड्यापाशी एक टकला करकोचा एका पायावर झुलत होता. बघता बघता तो मटकन बसला.

"कोणाला पाजतोस रे?" मी दरडावलं.

"हळू, काका. चोर उडेल." त्याने माझा हात गार नळीवर ठेवला. चटका बसला! "ही थंड हवी. वाफ पातळ होतच नाही, वाऱ्यावर जाते."

"मग गार पाणी कुठे गेलं?"

त्याने खाली बोट दाखवलं. दुपारी वारा किनाऱ्याकडे फिरतो. वाऱ्याने ढकललेली जलपर्णी आमच्या पंपाच्या तोंडाशी गच्च बसली होती. सकाळी वारा उलटा, तोंड मोकळं. म्हणून सकाळपाळी साव!

मॅडमना वर बोलावलं. त्यांनी नळीला हात लावला, करकोच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हा कोणाच्या पाळीतला?" मग होड्या लावून जलपर्णी काढायला सांगितली आणि ओग्वेनोला म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये."

संध्याकाळी फाटकावर ओग्वेनो माझ्यासमोर उभा राहिला.

"आता तुम्ही तोंड उघडा, काका."

उघडलं.

"मॅडम, इकडे या! वास येतोय!"

देवाशपथ, मी वर नुसता श्वास घेतला होता. मॅडमना पटलं नाही. करकोच्याला मात्र कोणी हुंगलं नाही.